आईच्या खाणावळीच्या वहीतील शून्ये

लालबागकर :
आमची आई जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. लालबागच्या चाळीतील एका खोलीत तिने आम्हा सात भावंडांना वाढवले आणि वडिलांचा गिरणीतील पगार पुरत नसल्यामुळे त्याच खोलीत अठरा-वीस कामगारांची खाणावळही चालवली. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे. त्यासाठी तिची वही चाळताना मी एका जागी अडलो. आईला अक्षरओळख नव्हती. नावे थोरली बहीण लिहीत असे आणि पुढच्या खुणा आई स्वतः करीत असे : जेवणाला उभी रेघ, खाड्याला फुली. १९८२ च्या जानेवारीनंतर मात्र काही नावांपुढे नुसती शून्ये आहेत. बहीण आता हयात नाही. गिरणगावात ज्यांच्या घरी खाणावळ होती, त्यांपैकी कोणाला अशी खूण आठवते का?

परळची लेक :
आमच्याकडे ही खूण नव्हती, पण तो काळ चांगला आठवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. खाणावळीचे पैसे पगार झाल्यावर मिळत, किराणा मात्र आधी उधारीवर भरलेला असे. त्यामुळे संप गिरणीत झाला तरी वाण्याचा तगादा आमच्या दारात आला. आईने कोणाला पानावरून उठवले नाही, पण आमटी पातळ झाली, हेही खरे. (हे लिहिलेले तिला मुळीच आवडले नसते.) तुमची शून्ये उधारीची असावीत, दादा.

काळाचौकी :
ताईंचे म्हणणे मला पटत नाही. उधारी पुढे वसूल करायची तर जेवणे मोजायला हवीत, आणि त्यासाठी रेघच सोयीची. ती माणसे गावी निघून गेली असतील. त्या वर्षी कोकणात आणि घाटावर परतलेले पुष्कळ होते. आणखी एक सुचवतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खाणावळवाल्या बायकांना बँकेची कर्जे मिळवून दिली आणि सावकाराच्या व्याजातून सोडवले. घरातील जुने कागद पाहा, आईचा अंगठा एखाद्या अर्जावर सापडेल.

लालबागकर :
ताई, दादा, आभारी आहे. कागद पाहिले, अंगठा मिळाला नाही. शून्ये मात्र काल रात्री पानोपानी मोजली. ती दिवसाला दोन आहेत आणि मध्येमध्ये फुल्याही आहेत, म्हणजे माणसे गावी गेली नव्हती, आमच्याकडेच जेवत होती. शिवाय फेब्रुवारीच्या पानावर सर्वांत खाली बहिणीच्या अक्षरात आमच्या वडिलांचे नाव आहे, जे त्याआधी वहीत कधीच नव्हते, आणि त्यापुढेही शून्येच आहेत. ते पान आम्ही पुस्तिकेत आहे तसे छापणार आहोत.