गिन्सबर्ग बाईंचा मूळ विषय

कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दिवंगत न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग म्हणजे फक्त स्त्रियांचे हक्क. अहो, बाई मुळात सिव्हिल प्रोसिजरच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रियेच्या, प्रोफेसर! दावा कुठे लावायचा, समन्स कसं बजावायचं, असला रुक्ष विषय. त्यापायी चक्क स्वीडिश शिकल्या आणि तिथल्या दिवाणी प्रक्रियेवर १९६५ मध्ये एका स्वीडिश जजसोबत पुस्तक काढलं. १९६३ पासून रटगर्स विद्यापीठात शिकवायच्या, पगार पुरुषांपेक्षा कमी, कारण काय तर नवरा कमावतो, आणि दिवस गेले तेव्हा नोकरी जाईल म्हणून सासूचे ढगळ कपडे घालून वर्गात जायच्या. १९७२ ला कोलंबिया विद्यापीठ. सुप्रीम कोर्टातही हे खूळ सुटलं नाही, २०१४ चं डाइमलर जजमेंट वाचा, अर्जेंटिनातल्या प्रकारासाठी डाइमलर या जर्मन कंपनीला कॅलिफोर्नियातल्या कोर्टात खेचता येईल का, तर नाही, निकाल बाईंनीच लिहिलाय, आणि अगदी प्रोफेसरी थाटात.