रक्तातील प्रथिने, नॅनोकण आणि कर्करोगाचे लवकर निदान

प्रश्न (गिरगाव): आईला अंडाशयाचा कर्करोग झाला होता, म्हणून मी सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे प्रथिन) तपासणी करून घेतली, आकडा थोडा वाढलेला आहे. नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) आधारित रक्तचाचणी अधिक भरवशाची असते का?

उत्तर १: रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन असते आणि त्या गर्दीत कर्करोगाच्या गाठीतून आलेली अत्यल्प प्रथिने हरवतात, नॅनोकण रक्तद्रवात मिसळले की त्यांच्यावर प्रथिनांचा थर चढतो, आणि कणांचा पृष्ठभाग योग्य निवडल्यास त्या थरातून दुर्मीळ प्रथिनेही मोजता येतात. कल्पना खरोखर मोलाची आहे, पण अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

उत्तर २: ताई, सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) आणि पाळीच्या दिवसांतही वाढते, तेव्हा एवढ्यावरून घाबरून जाऊ नका, मात्र आईचा आजार पाहता परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवा आणि बीआरसीए जनुकचाचणीबद्दल (स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका तपासणाऱ्या चाचणीबद्दल) अवश्य विचारा.

उत्तर ३: रक्त दिले त्या दिवशी पाळी सुरू होती का, हेही डॉक्टरांना सांगा.