मदत हवी आहे: नोकरी कोण सोडणार याचा अंदाज, डेटा मात्र थोडा

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एचआरला आहे. प्रश्न ऑफिस स्टाफचा आहे, कामगारांचा नाही. अकाउंट्स, परचेस, डिझाईनमधली पोरं कामात तयार होतात आणि दिवाळीचा बोनस किंवा एप्रिलची पगारवाढ पदरात पडली की पुण्याची वाट धरतात. राजीनामा टेबलावर आल्यावर बोलून उपयोग नसतो. आधी अंदाज आला तर काही करता येईल, म्हणून पायथनमध्ये मॉडेल करतेय.

सरावाला कॅगल या डेटासेटच्या साइटवरचा आयबीएमचा कर्मचाऱ्यांचा डेटा घेतला. १४७० जणांपैकी २३७ सोडून गेलेले, म्हणजे ‘कोणीच जाणार नाही’ म्हटलं तरी ८४ टक्के बरोबर! म्हणून अ‍ॅक्युरसी सोडून रिकॉल (खरंच सोडणाऱ्यांपैकी किती सापडले) आणि प्रिसिजन (‘जाणार’ म्हटलेल्यांपैकी किती खरंच गेले) बघते. तो डेटाही मुळात काल्पनिक.

आमच्या फाइलवर रँडम फॉरेस्टचा (अनेक निर्णय-वृक्षांची मतं एकत्र करणाऱ्या मॉडेलचा) निकाल फारच चांगला आला. कारण निघालं ‘शिल्लक रजा’ हा रकाना. माणूस गेला की फुल अँड फायनल हिशेबात त्याची रजा शून्य होते, आणि फाइल आजच्या तारखेला काढलेली, म्हणजे मॉडेलला उत्तर आधीच दिसत होतं. तो रकाना काढल्यावर सोडणाऱ्यांपैकी मोजकेच सापडतात. आता उरलंय पगार, शेवटची बढती कधी, घर किती लांब, मधे साहेब बदलला का, एवढंच.

जे अजून नोकरीत आहेत त्यांना ‘राहिले’ म्हणून मोजणं मला पटत नाही, ते पुढच्या महिन्यातही जातील. अशा वेळी लॉजिस्टिकपेक्षा (जे नुसतं ‘गेला की राहिला’ बघतं) कॉक्स मॉडेल (जे किती काळाने गेला ते बघतं आणि अजून असलेल्यांनाही धरतं) बरं ना? पगार आणि साहेब बदलत राहतात, मग प्रत्येकाची दर महिन्याला एक ओळ करावी का? इतक्या कमी माणसांवर ते टिकेल का? तपासणीसाठी शेवटचं वर्ष बाजूला ठेवायचा विचार आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. वरून नावांची यादी मागताहेत. यादीत नाव आलं की ‘हा जाणारच आहे’ म्हणून त्याचं ट्रेनिंग आणि बढती थांबेल, आणि राहू पाहणारा माणूसही जाईल. नुसते विभागवार आकडे द्यावेत असं मला वाटतं, पण पाच-सहा जणांच्या विभागात तेही नाव सांगितल्यासारखंच. कोणी हे प्रत्यक्ष हाताळलं असेल तर साहेबांपुढे नेमकं काय ठेवलं, ते कृपया सविस्तर लिहा.