बहिणीले एमएसले पाठवायचं हाय, कोणत्या देशात खरा खर्च किती?

दिग्रसवाला_दादा
नमस्कार मंडळी. पाच एकर कोरडवाहू हाय आमचं, कपाशी अन् तूर. लहानी बहीण अमरावतीहून मेकॅनिकल बीई झाली, घराण्यातली पहिली इंजिनिअर. तिले बाहेर एमएस करायचं हाय. नागपूरच्या एका कन्सल्टन्सीत गेलो त त्यायनं अर्ध्या तासात इंग्लंड नाहीत आयर्लंड ठरवून टाकलं, तीस लाखाचा कागद हातात देल्ला अन् म्हणे वावर हाय ना, बँक देते लोन. बाबा दोन रात्री झोपले नाही. कोणाचं लेकरू गेलं असन त खरा हिशेब सांगा.

बाळापूरचा_पोट्टा
दादा मी मॅग्डेबर्गले हाव, दुसरं वर्ष. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठात फीच नाही, सेमिस्टरले 100 ते 350 युरो वर्गणी, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येते. पण सगळीकडे तसं नाही बरं, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्याले सेमिस्टरले 1500 युरो लागते अन् म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं 2024 पासून मास्टर्सले 4000 ते 6000 लावले, वरून म्युनिकचं भाडं.
खरी अडचण ब्लॉक्ड अकाउंटची हाय. वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवा लागते, युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाख. तो पैसा बुडत नाही, दर महिन्याले 992 युरो तुमच्याच हाती येते, त्यातच भाडं-किराणा. म्हणजे पयल्या वर्षाचा राहण्याचा खर्च तोच. दुसऱ्या वर्षी पार्टटाइमवर बरंचसं निभते, वर्षाले 140 पूर्ण दिवस काम करता येते. एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री-मार्कशीट खरी हाय याचा जर्मनीसाठीचा दाखला) मात्र आधी काढा, 18,000 रुपये लागते अन् त्याच्याशिवाय व्हिसा नाही, माहा एक इनटेक त्याच्याचपायी गेला. अर्ज तिनं स्वतः भरावे, एजंट कायले पायजे.

निवृत्त_बँकवाला_वाशीम
मी 31 वर्षं सरकारी बँकेत काढली, शेवटची आठ ग्रामीण शाखेत, म्हणून वावराबद्दल स्पष्ट सांगतो. एज्युकेशन लोनला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेतच नाहीत, कारण 2002 च्या सरफेसी कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला ती विकता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्याच्या वर घर, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा एफडी लागते. एखाद्या मामा-काकाचा यवतमाळला प्लॉट असेल तर विचारा, पण त्यांनाही सगळं समजावून सांगा. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा. अन् पोरीच्या फीसाठी कोणी सावकाराकडे नेत असेल तर हात जोडून सांगतो, जाऊ नका, मी त्यातून उठलेली घरं पाहिली नाहीत.

मेहकरची_ताई
दादा, स्कॉलरशिपचं विचारलंच नाही तुमी! केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अन् पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय पस्तीसच्या आत, क्यूएस या जगभरातल्या विद्यापीठांच्या रँकिंगच्या पहिल्या 500 मधलं विद्यापीठ पायजे. जागा देशभरात फक्त 125. पाच एकरवाले भूमिहीनात बसत नाही, पण जातीचा दाखला कोणता हाय त्यावर पाहा. समाजकल्याणच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर कोणी नीट सांगत नाही.

चांदूरचे_काका
इंग्लंडले एकदम वाईट म्हणू नका. माह्या पोरानं तिथं एका वर्षात मास्टर्स केलं, एकाच वर्षाचं भाडं लागलं. पण फी खरंच तगडी, वरून आरोग्याचा सरचार्ज वर्षाले 776 पाउंड व्हिसाच्या वेळीच भरा लागते. शिकून झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधाले भेटते, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केला त दीडच वर्ष. एवढ्या दिवसात कर्जाचा हप्ता उभा राहील अशी नोकरी लागली त ठीक, माह्या पोराले चौदा महिने लागले, तोवर संत्र्याचा पैसा तिकडेच गेला.

दिग्रसवाला_दादा
सगळ्यायचे लय उपकार. बँकवाले काका, तुमचं वाचून दाखवलं त बाबा पयल्यांदा जेवताना बोलले, वावर कुठी जात नाही म्हणे. आमी ओबीसीत येतो, त उद्या यवतमाळले जाऊन राज्याची काही योजना हाय का विचारतो. अकोल्याच्या मोठ्या बाबाचा प्लॉट एनए हाय, पण त्यायले मागावं का नाही हे अजून ठरलं नाही. बाळापूरच्या भावा, बहिणीले आत्ता एपीएसचा अर्ज भरायले बसवलं हाय. तिचा एक प्रश्न हाय, मॅग्डेबर्गले एका खोलीचं भाडं महिन्याले किती पडते अन् पोरींले सोबत भेटते का?