विषय: रविवारचा मोर्चा, मंडळाचा बॅनर आणि झेंड्यांचा प्रश्न

प्रेषक: सचिव

मंडळी,
आयोजकांचा पुन्हा मेल आलाय. संस्थांची यादी गुरुवारी संध्याकाळी बंद होतेय. नियम तेच आहेत: कुठल्याही देशाचा झेंडा नाही, पक्षाचं चिन्ह नाही आणि मागण्या तीनच – युद्धबंदी, मदतीला वाट, कैद्यांची सुटका. संस्थेच्या बॅनरखाली कोणी झेंडा काढलाच, तर तो गुंडाळून ठेवायला लावणं ही त्या संस्थेची जबाबदारी. सोमवारची अख्खी बैठक याच मुद्द्यावर गेली. का गेली ते सगळ्यांना माहीत आहे.
मंडळाचा बॅनर न्यायचा का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. निबंध नकोत.

प्रेषक: खजिनदार

नाही.
मंडळाच्या घटनेतलं कलम वाचा. आणि हॉलमध्ये पत्रकं वाटली गेली, तेव्हा खुलासा मागणारं पत्र कोणाच्या नावाने आलं होतं तेही आठवा. वाटणारे मोकळे, उत्तरं देणारा मी. आता रस्त्यावर त्याच माणसाच्या हातातली झेंड्याची काठी कोण काढून घेणार? मी तरी नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

बॅनर माझ्याकडे आहे, त्यामुळे बैठकीआधी मलाही विचारलं जाईल असं वाटलं होतं. असो.

निबंध नको म्हणता, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात. १५ फेब्रुवारी २००३. जगभरात सहाशेच्या आसपास शहरांतून लोक रस्त्यावर उतरले. एकट्या रोममध्ये तीस लाख, तशी गिनीज बुकात नोंद आहे. २० मार्चला इराकवर हल्ला सुरू झाला, म्हणजे पाच आठवडेही धीर धरला नाही. तीस लाखांना जे जमलं नाही ते आपली तीस-चाळीस टाळकी करणार? आणि तेही अशा युद्धात, जिथल्या दोन्ही सेनापतींना आपलं शहर नकाशावर दाखवता येणार नाही! मोर्चाने आपल्याला बरं वाटतं, त्यांना काहीच वाटत नाही. बरं वाटून घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यासाठी मंडळाचं नाव कशाला?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

हो.
एक संशोधन आहे, ३.५ टक्के लोक रस्त्यावर आले की सरकारला झुकावंच लागतं. कोणाकडे लिंक असेल तर पाठवा, मुखपृष्ठावर टाकतो.

प्रेषक: एक सदस्या (पूर्वी लंडन मंडळ)

माजी अध्यक्षांना उत्तर.
त्या दिवशी मी लंडनमध्ये त्या मोर्चात होते. पिकॅडिलीपाशी गर्दी अशी तुंबली होती की तासभर जागचं हलता येईना, आणि थंडी तर बोटं वाकू नयेत अशी. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. कोटावर दुसऱ्या महायुद्धातली पदकं, हातात पुठ्ठा नाही, तोंडात घोषणा नाही. मध्ये मध्ये ते पदकांवरची फीत सरळ करत होते, बस्स. असा माणूस मोर्चात पाहिला की मागच्या बाकावरच्या खासदाराच्या पोटात गोळा येतो.

युद्ध थांबलं नाही, मान्य. पण 'काहीच झालं नाही' हे चूक. १ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी फौजांना वाट द्यायचा ठराव आला. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९, आणि तरीही ठराव पडला, कारण हजर असलेल्यांत बहुमत भरलं नाही. त्याच दिवशी अंकाराच्या रस्त्यांवर प्रचंड निदर्शनं चालू होती. आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेत २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला. इराक प्रकरणाने लोकांचा विश्वास उडालाय, हे पंतप्रधान कॅमेरन यांना तेव्हा सभागृहात बोलून दाखवावं लागलं. फळ दहा वर्षांनी आणि दुसऱ्याच झाडाला लागलं, तर ते मोजायचंच नाही का?

प्रेषक: युवा विभाग

थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

१. ते ३.५ टक्क्यांचं काम एरिका चेनोवेथ या अमेरिकी अभ्यासकांचं. ते आपल्याच देशातली राजवट उलथवणाऱ्या किंवा परकी सत्ता हुसकावणाऱ्या चळवळींबद्दल आहे. दूरच्या दोन देशांच्या युद्धाला ते लागू नाही. कृपया मुखपृष्ठावर टाकू नका.

२. २००३ चे मोर्चे तटस्थ नव्हतेच मुळी. लंडनचे लोक पंतप्रधान ब्लेअरना सांगत होते की तुम्ही जाऊ नका. आपल्याच सरकारला, एका ठराविक निर्णयाआधी. रविवारचा मोर्चा 'दोघांनीही थांबावं' म्हणतोय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि काकू-काका दोघंही एकाच तराजूत तोलताहेत.

३. ज्या दूरच्या चळवळीचा परिणाम खरोखर झाला ती तर उघड एका बाजूची होती. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लोक वर्षानुवर्षं परदेशांत रस्त्यावर उतरले, बँकांसमोर, विद्यापीठांसमोर उभे राहिले. १९८६ साली अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगनचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. तिथे कोणी 'गोऱ्यांनी आणि काळ्यांनी दोघांनीही संयम पाळावा' असा बॅनर धरला असता, तर प्रिटोरियाच्या सरकारने त्याला स्वतः दोरी लावून दिली असती.

म्हणून विचारतो, झेंडाबंदी नक्की कोणाच्या सोयीची? एकाने घुसखोरी केलीय आणि दुसरा मार खातोय, तर मध्यभागी उभं राहणं म्हणजे मार देणाऱ्याच्या बाजूला अर्धं सरकणं.

प्रेषक: खजिनदार

'अर्धं सरकणं' वगैरे ठीक आहे. मंडळाची नोंदणी पूर्ण सरकेल त्याचं काय?

प्रेषक: ग्रंथालय (शनिवारची पाळी)

युवा विभागाचा तिसरा मुद्दा पटतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. तटस्थ मोर्चे फसतात ते तटस्थ असल्यामुळे नव्हे, त्यांना दार सापडत नाही म्हणून.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १ मार्च १९६३ ला राजघाटावरून दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा निघाली. नेतृत्व शंकरराव देवांचं, सोबत सर्वोदयी आणि काही परदेशी कार्यकर्ते. चीन युद्धाला जेमतेम काही महिने झाले होते. जखम ओली होती, त्यामुळे देशात टीका झाली की ही माणसं शत्रूशी मैत्री करायला निघाली. तिकडे चीनने प्रवेशच नाकारला, ब्रह्मदेशाने आणि पाकिस्ताननेही वाट दिली नाही. यात्रा आसामात संपली. हेतूत खोट नव्हती, पायपीट खरी होती. पण दोन्ही सरकारांना त्यांचं ऐकण्याचं काही कारणच नव्हतं, आणि 'मैत्री' ही अशी मागणी की ती पुरी झाली की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

आता लायबेरियातलं यादवी युद्ध, तेही २००३ सालचंच. मनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात बायका पांढरे कपडे घालून उन्हापावसात बसायच्या. ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, ना राष्ट्राध्यक्ष टेलरच्या बाजूने ना बंडखोरांच्या. पण मागणी नेमकी: चर्चेला बसा. चर्चा घानामध्ये, अक्रा शहरात भरली, तर त्या तिथे पोचल्या, आणि घानात राहणाऱ्या लायबेरियन निर्वासित बायकाही येऊन मिळाल्या. जुलैमध्ये बोलणी रेंगाळली तेव्हा त्या सभागृहाच्या दारातच हातात हात गुंफून बसल्या. तोडगा निघाल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही! ऑगस्टच्या १८ तारखेला करार झाला. त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना २०११ चं नोबेल विभागून मिळालं. एका जरी बाजूचा झेंडा हातात असता तर दुसऱ्या बाजूने त्यांना ओलांडून जायला मागेपुढे पाहिलं नसतं.

तटस्थपणाचा उपयोग तिथे असतो. ते काही मत नव्हे, दोन्हीकडच्या माणसांना तुमच्याशी बोलता यावं यासाठी केलेली सोय आहे.

(चेनोवेथ यांचं पुस्तक आपल्या कपाटात नाही. मागणी नोंदवायची असेल तर वहीत लिहा, मेलवर नको.)

प्रेषक: माजी अध्यक्ष

लायबेरियाचं अर्धंच सांगितलंत. टेलरवर सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र जाहीर झालं होतं, बंडखोर राजधानीच्या वेशीवर होते आणि नायजेरियाच्या फौजा उतरल्या. बायका बसल्या नसत्या तरी टेलर गेलाच असता.

आणि शंकररावांचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, आमच्या वडिलांची पिढी त्यांच्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या वेळेपासून नाराज होती. परिषदेचे अध्यक्ष असून ऐन वेळी काँग्रेसश्रेष्ठींपुढे नमलेले, असं आमच्या घरी बोललं जायचं. मध्यस्थी करणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात हे त्यांना पेकिंगच्या कितीतरी आधी कळलं असणार.

प्रेषक: एक सदस्य

संयुक्त महाराष्ट्राबद्दल इतकं एकतर्फी लिहू नये. तेव्हाची पत्रं वाचा. वेगळा धागा काढतो.

प्रेषक: सचिव

नका काढू. गुरुवार उद्यावर आलाय.

प्रेषक: ग्रंथालय (शनिवारची पाळी)

टेलर गेला असता, बरोबर. पण टेलर जाणं आणि करार होणं या दोन गोष्टी आहेत. तो ११ ऑगस्टला पायउतार झाला. त्याच्यामागे सत्तेचे तुकडे वाटून घ्यायला तीन गट टपले होते, आणि त्यांचे प्रतिनिधी अक्रातल्या हॉटेलांत निवांत होते. त्यांना घाई नव्हती. ती घाई बायकांनी निर्माण केली. सगळं श्रेय त्यांना कोण देतंय?

प्रेषक: एक सदस्या

मी सहसा इथे लिहीत नाही. आमची सून तिकडची आहे हे बहुतेकांना माहीत आहे. तिचा धाकटा भाऊ गेल्या हिवाळ्यापासून बेपत्ता आहे. कैदेत असावा असं तिच्या घरचे धरून चालतात.

मी तिला मोर्चाचं विचारलं. ती म्हणाली, "माझा भाऊ आणि त्याच्यावर गोळी झाडणारा, दोघांना एका रांगेत उभं करणाऱ्या मोर्चात मी चालणार नाही." नंतर भांडी विसळताना तिनेच तो आयोजकांचा कागद पुन्हा मागितला. पहिल्या दोन मागण्या तिने वाचल्या की नाही कोण जाणे. तिसरीवर बोट ठेवून विचारलं, "सुटका कोणाची, त्याची यादी कोण मागणार? कोणाकडे?" मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणाला येत असेल तर सांगा. बॅनरचं तुम्ही ठरवा.

प्रेषक: युवा विभाग

काकू, शोधून सांगतो. कैद्यांच्या भेटी आणि नोंदी हे रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं काम, जिनिव्हा करारांत ते लिहिलेलं आहे. कुटुंबीयांना त्यांच्या शोध विभागाकडे थेट विनंती करता येते. वहिनींनी अजून केली नसेल तर करायला सांगा, मी फॉर्म भरायला येतो. पण रेडक्रॉसला आत सोडायचं की नाही हे तिथली सरकारं ठरवतात, आणि त्यांच्यावर दबाव येतो तो त्यांना पैसे आणि शस्त्रं देणाऱ्यांकडून. आपलं सरकार त्यातलं एक आहे.

म्हणजे ग्रंथालय ताई म्हणतात ते दार आपल्याच गावात आहे. मोर्चात मी झेंड्याशिवाय चालायला तयार आहे, पण सोमवारी त्याच मागण्या घेऊन खासदारांच्या कार्यालयात जाणार असाल तरच. नाहीतर रविवारची ती निव्वळ रपेट. ग्वाटेमालात १९८० च्या दशकात पीस ब्रिगेड्स या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक जिवाला धोका असलेल्या कार्यकर्त्यांसोबत नुसते चालायचे, कोणाची बाजू घ्यायचे नाहीत. त्याचा उपयोग झाला, कारण गोळी घालणाऱ्याला माहीत होतं की उद्या कुठल्यातरी वकिलातीतून फोन येईल. फोन करणारं कोणी नसतं, तर त्यांचं चालणं कोणाला अडवणार होतं?

प्रेषक: एक सदस्या (पूर्वी लंडन मंडळ)

सोमवारी मी येते. खासदारांच्या कार्यालयात आधी वेळ घ्यावी लागते, आणि भेट दहा मिनिटांचीच मिळते. तीनही मागण्या मांडत बसू नका. कैद्यांच्या यादीची एकच मांडा आणि त्यांनी मंत्रिमहोदयांना लेखी प्रश्न विचारावा एवढंच मागा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर येतं. 'शांततेला पाठिंबा आहे' असं सांगून बोळवण करायची त्यांना उत्तम सवय असते.

प्रेषक: माजी अध्यक्ष

खासदारांकडे मंडळातर्फे आजवर मीच जात आलोय, त्यांच्या सहायकबाईंशी ओळख आहे. वेळ मी घेतो. मोर्चाबद्दलचं माझं मत तेच आहे.

प्रेषक: सचिव

ठीक. आलेल्या उत्तरांत 'हो' आणि 'नाही' वेगळे काढणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे यादीत मंडळाचं नाव देत नाही, बॅनर जाणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी वैयक्तिक जावं. झेंडा न्यायचा असेल तर तुम्ही आणि आयोजक बघून घ्या, त्यात मंडळ नाही. सोमवारी चौघं खासदारांकडे: माजी अध्यक्ष, लंडनवाल्या ताई, युवा विभाग आणि काकूंची सून, ती तयार असली तर. पत्राचा मसुदा ग्रंथालय ताईंनी करावा, एका पानात.

प्रेषक: खजिनदार

पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाणार नाही हे गृहीत धरतो. मसुदा आधी मला पाठवा. 'मंडळाच्या वतीने' असं कुठे असेल तर खोडून परत करीन. सह्या चौघांच्या, स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यासह. पाचवी माझी घाला.