तिखटाचे दिवस: घरी मिरची हाताळताना तुम्ही काय काळजी घेता?

कडकभाकरी
होळी झाली की सोलापुरात घरोघरी तिखटाची गडबड सुरू होते. रंगाला ब्याडगी, झणक्याला गुंटूर नाहीतर लवंगी, प्रत्येकीचं प्रमाण ठरलेलं असतं आणि त्यावर आपण तासन्‌तास बोलतो. हात कसे सांभाळायचे, घरातली लेकरं आणि दम्याची माणसं यांचं काय करायचं, हे मात्र नव्या मुलींना कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. देठं खुडण्यापासून बरणी भरेपर्यंत तुमच्या घरात खरोखर जे करतात तेच लिहा.

सुरुवात मी करते. देठं खुडायला बसण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळायचं, नखांच्या कडांना जरा जास्त. मिरचीतला झोंबणारा अंश, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून काम झालं की पुन्हा तेल चोळून कागदाने पुसायचं आणि मग भांड्यांच्या साबणाने दोनदा हात धुवायचे. नुसत्या पाण्याने धुतलं तर बोटांवरचं तिखट हातभर पसरतं.

बाळीवेसकर
मला तेलापेक्षा हातमोजे बरे वाटतात. औषधाच्या दुकानात मिळतात ते पातळ, एकदा वापरून टाकायचे. पण मोजे घालून मोबाईल उचलला, फ्रीजचं दार उघडलं, नळ सोडला की सगळं फुकट. आमच्याकडे बायको मिरच्या निवडत असताना फोन वाजला, तिने तो तसाच घेतला आणि संध्याकाळी तोच फोन खेळायला घेतलेला मुलगा डोळे चोळत रडत होता. आता तिखटाच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत.

सातरस्ता_सिस्टर
मी परिचारिका आहे, म्हणून डोळ्यांचं लिहिते. तिखट डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. स्वच्छ, गार पाण्याची धार निदान पंधरा मिनिटं सोडायची. दूध, तूप, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. घरातली मोठी माणसं प्रेमाने सांगतात, तरी नाही. आग थांबली नाही किंवा नजर अंधुक वाटली तर सरळ डॉक्टरांकडे जायचं. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी मिरचीला हात लावायच्या आधीच लेन्स काढून ठेवाव्यात.

हाताची आग होत असेल तर गरम पाणी टाळा. आपल्या नसांमध्ये उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता लागली की तो जागा होतो. कॅप्सेसिनही त्यालाच जागं करतं, म्हणूनच भाजल्यासारखं वाटतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीच्या याच गुणावरून तो ग्राहक शोधला आणि त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. गरम पाण्याने तोच ग्राहक आणखी चेतवला जातो. गार दही किंवा ताक हाताला लावून ठेवलं की बरं वाटतं.

उखळवाली_अक्का
शेंगाच्या चटणीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. आमच्याकडे चटणी अजून उखळातच होते. आधी भाजलेल्या शेंगा आणि मीठ घालून कुटायचं. शेंगांना तेल सुटून गोळा ओलसर दिसायला लागला की मग तिखट, लसूण, जिरं. सुरुवातीलाच तिखट घातलं तर मुसळाच्या प्रत्येक घावाला खकाणा उडतो आणि कुटणारीला ठसका लागतो. तेल सुटल्यावर घातलेलं तिखट शेंगांना धरून बसतं, नाकात जात नाही. चटणीची चवही अशीच खुलते. माझ्या सासूबाई तोंडाला पदर बांधूनच कुटायच्या, मीही बांधते.

पूर्वभाग
आमच्या घरी तेलुगू बोलतात, पच्चडी म्हणजे चटणी रोजची. हिरव्या मिरच्या तेलात टाकण्याआधी धुऊन, फडक्याने कोरड्या पुसून प्रत्येकीला एक चीर द्यायची. अख्खी मिरची तेलात फुगून फुटते आणि गरम तेल तोंडावर उडतं. ओल्या मिरचीने तर तडतड होणारच.

जुळे_सोलापूर
भरल्या मिरच्या करताना तिखटपणा कमी करायला मी बिया काढून टाकते.

उखळवाली_अक्का
ताई, बियांपेक्षा आतली पांढरी शीर काढा. खरा झणका त्या शिरेत असतो, बियांना तो तिच्यापासूनच लागतो. चमच्याच्या टोकाने खरवडा, नखाने नको. नखाखाली गेलेलं तिखट रात्रभर ठणकतं.

गॅलरीतून
काळ्या तिखटाच्या मिरच्या भाजायच्या असतील तर घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. माझ्या आईला दमा आहे. ती शेजारी काकूंकडे जाऊन बसल्याशिवाय मी कढई तापवत नाही, दाराच्या फटीला ओलं फडकं लावून भागेल असं मला वाटत नाही. आच मंद, चमचाभर तेल, खिडक्या उघड्या, पंखा बाहेर हवा फेकणारा. मिरची काळी पडू लागली की खाट उठते, त्याआधीच उतरवायची. साध्या लाल तिखटाला तर भाजायची गरजच नाही. आपलं उन्हाळ्याचं ऊन एवढं कडक की दोन-तीन दिवसांत मिरची हातात मोडते.

बाळीवेसकर
मिक्सरवर करणाऱ्यांसाठी: बंद केल्यावर झाकण लगेच उघडू नका. पूड खाली बसू द्या, मग तोंड बाजूला करून सावकाश उघडा.

नवीन_संसार
सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारू का? कांडपावरून तिखट आणलं की लगेच बरणीत भरायचं का? आणि मिक्सरच्या भांड्याचा वास, झोंब जात नाही, त्यात बाळाची पेज करता येईल?

कडकभाकरी
कांडलेलं तिखट गरम असतं, ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे. गरम भरलं तर बरणीत वाफ धरते आणि बुरशी येते. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही, सगळं टाकून द्यायचं. मग कोरडी बरणी आणि हिंगाचे खडे. भांडं तेलाने पुसून साबणाने धू, झाकणाची रबरी कडा काढून वेगळी घास. तरीही बाळासाठी वेगळं भांडंच ठेव. आणि तिखटाच्या दिवशी बाळाला आंघोळ दुसऱ्या कुणाला तरी घालू दे.