बेरीज चुकते, वजाबाकी मात्र बरोबर येते, आणि उत्तर दिसता दिसता नाहीसे होते

प्रश्न : नवखा_कोडर

नमस्कार. मी गेले दोन महिने जावास्क्रिप्ट शिकत आहे आणि सरावासाठी गुणपत्रकाचे एक छोटे पान तयार करत आहे. पानावर एक फॉर्म आहे, त्यात लेखी आणि तोंडी परीक्षेच्या गुणांसाठी दोन चौकटी आहेत, खाली ‘बेरीज करा’ असे बटण आहे आणि उत्तरासाठी एक रिकामा परिच्छेद ठेवला आहे.

सुरुवातीला स्क्रिप्टचा टॅग हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात होता. तेव्हा बटण दाबून काहीच होत नव्हते आणि ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ अशी तांबडी ओळ येत होती. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तो टॅग बॉडीच्या अगदी शेवटी नेला आणि ती ओळ गेली, पण ती का गेली हे मला कळलेले नाही.

आता बटण दाबले की उत्तर क्षणभर चमकते आणि पान पुन्हा कोरे होते. ते उत्तर वाचता येईना, म्हणून शेवटी फोनने पडद्याचे चित्रण करून ते थांबवून पाहिले, तर ६२ आणि १८ यांची बेरीज ६२१८ दिसत होती. गंमत अशी की अधिकच्या जागी वजा चिन्ह टाकले तर ४४ हे अचूक उत्तर येते. दोन्ही चौकटींचा प्रकार ‘नंबर’ असाच दिला आहे, त्यामुळे आत अंकच असणार अशी माझी समजूत आहे. फोनवरून लिहीत असल्याने कोड चिकटवता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व. इथे आकडे मराठीत लिहिले असले तरी चौकटीत मी इंग्रजी अंकच टाकले होते.

उत्तर १ : अर्धविराम

तुमच्या अडचणी तीन आहेत आणि त्या एकमेकींच्या मागे लपलेल्या होत्या. पहिली सुटल्याशिवाय दुसरी दिसणे शक्य नव्हते, आणि दुसरी अजून सुटलेली नसल्यामुळे तिसरी पाहण्यासाठी तुम्हाला फोन वापरावा लागला. पहिल्या दोहोंबद्दल मी लिहितो.

ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत जातो आणि वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग भेटला की पुढचे वाचन थांबवून आधी ती स्क्रिप्ट चालवतो. तुमचा टॅग हेडमध्ये होता तेव्हा बटण ज्या ओळीवर लिहिले आहे तिथपर्यंत ब्राउझर पोहोचलाच नव्हता. त्यामुळे आयडीवरून पानातला घटक शोधणाऱ्या गेटएलिमेंटबायआयडीला त्या नावाचे काही सापडले नाही, त्याने नल, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, परत दिले, आणि तुमच्या पुढच्या ओळीने त्या नलवरच, बटण दाबल्यावर काय करायचे ते ठरवून देणारे, अ‍ॅडइव्हेंटलिसनर चालवण्याचा प्रयत्न केला. टॅग शेवटी नेल्यावर स्क्रिप्ट चालण्यापूर्वी बटण तयार झालेले असते, एवढाच फरक पडला. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर टॅग हेडमध्येच ठेवून त्याला ‘डिफर’ हा गुणधर्म देणे मला अधिक नीटनेटके वाटते, कारण मग संपूर्ण पान वाचून झाल्यावरच ती फाइल चालते. मात्र पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर डिफरचा काहीही परिणाम होत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. टॅग योग्य जागी असूनही नल येत असेल, तर आयडीच्या स्पेलिंगमध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे.

आता चमकून जाणाऱ्या उत्तराविषयी. फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाला प्रकार दिला नाही, तर ते ‘सबमिट’ प्रकारचे मानले जाते. तुम्ही ते दाबता तेव्हा तुमचे फंक्शन चालते, उत्तर परिच्छेदात लिहिले जाते, आणि लगेच ब्राउझर आपले नेहमीचे काम करतो, म्हणजे फॉर्म पाठवतो. कुठे पाठवायचा हे सांगितलेले नसल्यामुळे तो त्याच पत्त्यावर पाठवतो आणि पान नव्याने उघडते. चौकटींना ‘नेम’ दिले असेल, तर बटण दाबल्यानंतर पत्त्याच्या पट्टीकडे पाहा. तिथे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे तुम्ही भरलेले दोन्ही गुण दिसतील. उत्तर पुसले जाण्यामागे फॉर्म पाठवला जाणे हेच कारण आहे, याचा तो उघड पुरावा आहे.

यावर दोन उपाय आहेत. बटणाचा प्रकार ‘बटन’ असा लिहिला की पाठवणे थांबते, परंतु मग चौकटीत आकडा टाकून एंटर दाबणाऱ्याला काहीच प्रतिसाद मिळत नाही. त्यापेक्षा बटण सबमिटच राहू द्यावे, बटणाच्या क्लिकऐवजी फॉर्मच्या ‘सबमिट’ या घटनेवर फंक्शन लावावे आणि त्या फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत, ब्राउझरचे नेहमीचे काम थांबवणारे, प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहावे. पहिल्याच ओळीत असे मुद्दाम सांगतो, कारण त्याआधीच्या एखाद्या ओळीत चूक झाली तर प्रिव्हेंटडिफॉल्टपर्यंत काम पोहोचत नाही, पान पुन्हा उघडते आणि त्याबरोबर कन्सोलमधली चूक सांगणारी ओळही पुसली जाते. तसे होत असल्याची शंका आली, तर कन्सोलच्या सेटिंगमधील ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करावा.

उत्तर २ : कंसातला_माणूस

तिसऱ्या अडचणीचे मूळ तुमच्या शेवटच्या समजुतीत आहे. चौकटीचा प्रकार ‘नंबर’ दिल्याने वापरणाऱ्याने काय टाइप करावे यावर बंधन येते, परंतु त्या चौकटीची ‘व्हॅल्यू’ वाचली की हाती येते ती स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांची माळ. बेरजेच्या आधी एक ओळ घालून, मूल्याचा प्रकार सांगणारे टाइपऑफ लेखी गुणांवर लावा आणि ते कन्सोलमध्ये छापून पाहा, तिथे ‘नंबर’ नव्हे, ‘स्ट्रिंग’ हा शब्द उमटेल.

वजाबाकी बरोबर येते म्हणून तुमचा गोंधळ झाला, आणि तो होणे साहजिक आहे. वजा, गुणिले आणि भागिले या चिन्हांना अक्षरांशी काही कर्तव्य नाही, म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना स्ट्रिंग असली तरी जावास्क्रिप्ट तिचे संख्येत रूपांतर करून घेते. अधिक चिन्हाला मात्र दोन कामे आहेत, संख्यांची बेरीज आणि अक्षरांची जोडणी. दोहोंपैकी एक बाजू जरी स्ट्रिंग असली तरी ते जोडणी निवडते आणि ‘६२’ च्या पाठीला ‘१८’ चिकटवून देते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत उभे केले होते, आणि आज कोणाला हा नियम बदलावासा वाटला तरी त्यावर विसंबलेली असंख्य जुनी पाने मोडतील, त्यामुळे तो आहे तसाच शिकून घ्यावा लागतो.

बेरजेची चूक निदान डोळ्यांना दिसते. तुलनेची चूक दिसत नाही, आणि म्हणून मला ती जास्त घातक वाटते. दोन्ही बाजूंना स्ट्रिंग असताना मोठे कोण असे विचारले, तर जावास्क्रिप्ट शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून तुलना करते, त्यामुळे ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठे ठरते. मिळालेले गुण कमाल गुणांपेक्षा जास्त नाहीत ना, अशी तपासणी तुम्ही उद्या लिहाल आणि तीही चौकटीतून आलेल्या दोन स्ट्रिंगांवर लिहाल, तर ती काही आकड्यांना बरोबर आणि काहींना चूक उत्तर देईल.

म्हणून चौकटीतून मूल्य घेतानाच, त्याच ओळीत, ते नंबर या फंक्शनमधून काढावे आणि पुढे सर्वत्र ती संख्याच वापरावी. पार्सइंटही सुचवले जाते, पण ते दशांश चिन्हापुढचा भाग टाकून देते आणि ‘६२ गुण’ असे लिहिले तरी तक्रार न करता ६२ परत देते. मला नंबर बरे वाटते, कारण नको ते अक्षर आले की ते नॅन, म्हणजे ‘ही संख्या नाही’ असे सांगणारे मूल्य, देऊन मोकळे होते.

नवखा_कोडर

दोघांचेही मनापासून आभार. पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे माझे ६२ आणि १८ खरोखरच होते आणि इतके दिवस ते माझ्या नजरेस पडले नव्हते. आता बेरीज ८० येते आणि जागेवर राहते.

उत्साहाच्या भरात मी दोन गोष्टी वाढवल्या आणि दोन्ही बिघडल्या. प्रत्येक विद्यार्थ्याची बेरीज टूफिक्स्डने दोन दशांश स्थळांपर्यंत करून ती वर्गाच्या एकूण बेरजेत मिळवत गेलो. एकूण बेरीज ० पासून सुरू केली होती, तरी दोन विद्यार्थ्यांनंतर ती ०८०.००९७.५० अशी दिसू लागली. शिवाय मराठी कळफलकावरून अंक टाकता यावेत म्हणून चौकटीचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला, तर आता मराठी ६२ टाकल्यावर उत्तरात नॅन येते.

उत्तर ३ : जुनी_स्क्रिप्ट

पहिला बिघाड म्हणजे मघाचीच अडचण मागच्या दाराने परत आली आहे. टूफिक्स्ड हे संख्येवर चालवले जाते, पण परत देते ते स्ट्रिंग. तुमचा ० ही संख्या होती, तिला ‘८०.००’ ही स्ट्रिंग मिळाली, जोडणी झाली, आणि तिथून पुढे एकूण बेरीज स्वतःच स्ट्रिंग बनली. बेरजा संख्यांच्याच करत राहाव्यात आणि टूफिक्स्ड फक्त परिच्छेदात मजकूर लिहिण्याच्या ओळीत वापरावे. टूफिक्स्डकडे तुम्ही का वळलात, याचा मला अंदाज आहे. अपूर्णांकी गुणांच्या बेरजेत कधी कधी लांबलचक शेपूट येते, कारण जावास्क्रिप्ट संख्या द्विमान पद्धतीने ६४ बिटांत साठवते आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांक त्यात तंतोतंत मावत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. गुणपत्रकापुरते शेपूट दाखवताना कापले तरी चालते.

दुसऱ्या बिघाडाकडे इंग्रजीतले धडे सहसा वळत नाहीत. तुमच्या आमच्या डोळ्यांना ६२ हे ६२ च असते, परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी अंक ही वेगळी चिन्हे आहेत. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नवाचा २४१५, तर इंग्रजी शून्याचा ४८. नंबर आणि पार्सइंट हे दोघेही केवळ इंग्रजी अंक ओळखतात, आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या लिखाणात, अंकासाठी डी अक्षराची जी खूण आहे तीही तेवढेच ओळखते. म्हणून नंबरकडे देण्यापूर्वी स्ट्रिंगवर रिप्लेस चालवावे, शोधण्याच्या जागी चौकोनी कंसात देवनागरी शून्य ते नऊ असा पल्ला लिहून, सगळी चिन्हे बदलायला सांगणारा, इंग्रजी ‘जी’ अक्षराचा ध्वज लावावा, आणि बदलणाऱ्या फंक्शनमध्ये प्रत्येक चिन्हाच्या चारकोडअ‍ॅटमधून, म्हणजे त्याच्या युनिकोड क्रमांकातून, २४०६ वजा करावेत. जी विसरलात तर केवळ पहिलाच अंक बदलेल आणि दुसरा तसाच राहून नॅन कायम राहील. दोन्ही प्रकारचे अंक मिसळून आले तरी ही ओळ चालते, कारण इंग्रजी अंकांना ती हातच लावत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. रिकामी चौकट नंबरकडे दिली तर नॅन येत नाही, ० येतो. गुणपत्रकात परीक्षेला न बसलेला आणि शून्य गुण मिळवलेला हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत, त्यामुळे ट्रिम करून, म्हणजे दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढून, स्ट्रिंग रिकामी आहे का, हे रूपांतराच्या आधी तपासावे. त्यानंतर नॅन आले आहे का हे पाहण्यासाठी मात्र समान चिन्ह वापरू नये, कारण नॅन स्वतःशीही समान नसते. त्यासाठी इजनॅन आहे.

नवखा_कोडर

रिप्लेसची ओळ घातली आणि जी विसरलोच होतो, त्यामुळे सांगितल्याप्रमाणे नॅन एकदा पाहून झाले. आता मराठी ६२ आणि इंग्रजी १८ टाकून एंटर दाबले की ८० येतात, दोन विद्यार्थ्यांची एकूण बेरीज १७७.५० दिसते, आणि तोंडी परीक्षेची चौकट रिकामी ठेवली तर बेरजेऐवजी ‘गैरहजर’ असे लिहून येते.